म्हसोबाचं गवत

फाल्गुन सरता सरता सोलापूरकडच्या माळाला एक वास सुटतो. तो फुलांचा नसतो आणि मातीचाही नसतो. तापलेला मुरूम, वाळून पांढरं पडलेलं गवत, करपलेला तरवडाचा पाला आणि कुठंतरी उन्हात सुकत पडलेलं शेण, या सगळ्यांचं मिळून दुपारच्या निश्चल हवेत जे काही सिद्ध होतं त्याला मराठीत नाव असेलही, पण मला ते कुणी सांगितलं नाही. तो एकदा नाकात शिरला की घशाशी जाऊन बसतो आणि तांब्याभर पाणी प्यायलं तरी हलत नाही. नोकरीची उमेदीची वर्षं मी या वासात काढली. सायकलच्या कॅरिअरला औषधांची पेटी बांधून, डोक्याला उपरणं गुंडाळून, उन्हाला आणि सरकारला एकाच दमात शिव्या देत मी या माळावरून हिंडलो. अजूनही टेंभुर्णीच्या रस्त्यानं एस.टी. जाऊ लागली की मी खिडकीची काच वर सारतो, आणि शेजारचा प्रवासी धुळीनं वैतागून माझ्याकडं बघतो.

माळ थकतो का हो? प्रश्न वेडगळ आहे, मला ठाऊक आहे. पण ज्यानं सत्तरच्या दशकातला तो माळ पाहिला आहे, त्याच्या मनात हा प्रश्न आल्याशिवाय राहायचा नाही. शेत थकतं हे शेतकरी मान्य करतो, एखादं वर्ष त्याला पडीक ठेवतो, मेंढरं बसवतो, खत घालतो. घरातला बैल थकला तर त्याच्या मानेवरून हात फिरवतो. माळाला मात्र कुणी विश्रांती दिली नाही. तो बिचारा मूक, उताणा, आभाळाकडं तोंड करून पडलेला! त्याच्या अंगावर केसभर गवत उगवायचा अवकाश, की शंभर जिभा त्याच्यावर फिरायच्या. आणि तक्रार तरी कुणाकडं करायची? तो कुणाच्या नावावर नव्हता.

गायरान हा शब्द किती सुरेख आहे पाहा. गाईचं रान! सातबारावर सरकारचं नाव, तोंडी गावाचं नाव, आणि शब्दात मात्र गाईचं. ज्या कुणी पूर्वजानं हा शब्द घडवला, त्याच्या काळजात केवढी ऐसपैस जागा असली पाहिजे. पण शब्द सुरेख असला म्हणून व्यवहार सुरेख होत नाही. जे गाईचं ते सगळ्यांचं, आणि जे सगळ्यांचं त्याची राखण कुणी करायची, या प्रश्नाशी येऊन आपली सारी थोर परंपरा खाली बसते आणि तंबाखू मळू लागते.

मी तेव्हा माढ्याकडच्या कोरड्या पट्ट्यातल्या एका गावी गुरांच्या दवाखान्यात नेमणुकीला होतो. लोक मला डाक्टर म्हणत. मी डॉक्टर नव्हतो, घटसर्पाच्या लशी टोचणारा, खुरकुतानं सुजलेले खूर धुणारा, अडलेल्या गाईच्या पोटात कोपरापर्यंत हात घालणारा एक साधा नोकर होतो. पण दुरुस्ती करून करून मी कंटाळलो आणि शेवटी डाक्टर झालो. बाहत्तरच्या दुष्काळानं तो प्रदेश नुकताच धुऊन, पिळून, वाळत घातला होता. छावणीतून परत आलेली गुरं म्हणजे कातड्याखाली मोजता येणारी हाडं. गायरानावर तर तरवडाची झुडपं तेवढी हिरवी होती, आणि तीही अशासाठी, की तरवडाला कुठलंच जनावर तोंड लावत नाही.

या गायरानावर एका बाईचं पोट होतं. भागाबाई तिचं नाव. गावची गुरं राखायची. सकाळी वेशीबाहेर उभी राहून ती एक लांब हाळी द्यायची, आणि घराघरांतून दाव्यातून सुटलेल्या गाई धूळ उडवीत तिच्याकडं यायच्या. बदल्यात प्रत्येक घरातून भाकरी आणि सुगीला पायलीच्या मापानं जोंधळा. नवरा हेच काम करायचा, तो गेल्यावर काठी हिच्या हातात आली. बैलांना घरी कडबा असायचा, दुभत्या गाईला पेंडीचा तुकडा मिळायचा. भागाबाईच्या कळपात यायच्या त्या मुख्यतः भाकड गाई, म्हाताऱ्या गाई, कालवडी. ज्यांना घरी वैरण टाकणं कुणाला परवडत नाही आणि ज्यांना विकणं कुणाच्या जिवावर येतं, अशा. या कळपाच्या पुढं चालायची चांदी. सरपंच आबांच्या घरची पांढरी खिल्लार गाय, लांब शिंगांची, आता म्हातारी. आबांच्या दावणीचे बैल तिच्याच पोटचे. चांदी उठली की कळप उठायचा, चांदी बसली की बसायचा. गायरान उघडं असेपर्यंत ही सारी जनावरं गोठ्याला जड नव्हती. गायरान नसेल तर त्यांच्यासाठी एकच वाट उरायची, बाजाराची. भागाबाईला ते ठाऊक होतं, आणि त्यामुळं तिच्या सगळ्या शिव्यांच्या मुळाशी एक भीती असायची.

दुष्काळी कामांत लोकांनी त्या माळावर समतल चर खोदले होते. उतारावर आडवे, लांबच लांब. मग पंचायत समितीचे एक साहेब आले, जीपमधून उतरले, चपलेत घुसलेलं कुसळ काढत काढत त्यांनी गावाला समजावलं. मारवेल आणि पवन्या या गवतांचं बी टाकू, दोन पावसाळे चराई बंद ठेवू, मग गवत कापून न्या, आणि पुढं माळाचे भाग पाडून आळीपाळीनं चारा. एक भाग चरत असेल तेव्हा दुसऱ्यानं विसावा घ्यायचा. माणूस प्रामाणिक होता आणि बोलला ते शब्दन् शब्द खरं होतं. गावानं माना डोलावल्या. सरकारी पाटी लागली. आणि पहिल्याच श्रावणात, बी पुरतं रुजलंही नाही तोवर, पहाटेच्या अंधारात प्रत्येकानं आपापलं जनावर आत घातलं. मी एकट्यानं चारलं तर काय होतंय, हे वाक्य प्रत्येक घरात उच्चारलं गेलं असणार. कोंडवाडा भरला, भांडणं झाली, पाटी एका रात्रीत कुणाच्या तरी चुलीत गेली.

तेव्हा पारावरच्या बैठकीत आबा म्हणाले, “सरकारची बंदी पाळतंय कोण? सरकार जीपमधनं येतंय आन् जीपमधनं जातंय. देवाची आण घाला. म्हसोबा हितंच बसलाय की, चोवीस तास.”

गायरानाच्या तोंडाशी म्हसोबाचं ठाणं होतं. कमरेइतका उंच शेंदूर फासलेला दगड, दक्षिणेकडं तोंड करून बसलेला. अमावास्येला नारळ फुटले, गुलाल उधळला, दगडाला तेलाशेंदराचा नवा जाड लेप बसला आणि आबांनी गावाच्या वतीनं शब्द उच्चारले: म्हसोबाच्या मर्जीशिवाय या गवताला जनावराचं तोंड लागणार नाही. सगळ्यांनी हात जोडले. मीही जोडले. त्या वाक्यात काय राहून गेलं हे तिथं कुणाच्याच लक्षात आलं नाही. सरकारच्या बंदीला मुदत होती. देवाच्या बंदीला फक्त मर्जी होती.

आणि काय सांगू, गवत आलं! त्या वर्षी आणि पुढच्या वर्षी पाऊसही बरा झाला. एकाही जनावराचं पाऊल आत पडलं नाही. आश्विनात तो माळ मी पाहिला आणि सायकलवरून उतरलो. कमरेइतकं गवत, वाऱ्यानं एका अंगावरून दुसऱ्या अंगावर कलणारं, त्यात तित्तिर ओरडताहेत, चरांच्या काठानं काळविटांचे माग उमटलेले. मला, एका कोडग्या नोकराला, गहिवरून आलं. जमिनीच्या पोटात एवढी माया शिल्लक असते, आणि आपण तिला मेलेली समजून चालत असतो! विश्वास ठेवा, पृथ्वीला थोडी उसंत पुरते. ती देण्याइतका धीर माणसाच्या पोटाला नसतो, हीच काय ती अडचण.

साहेब पुन्हा आले, खूश झाले, गवत कापायला परवानगी देऊन टाकली. आता फक्त देवाला विचारायचं होतं. साहेबांना पुढच्या गावी जायची घाई, म्हणून कौल सकाळीच लावला. रामू गुरवानं ओली फुलं म्हसोबाच्या दोन्ही खांद्यांवर दाबून चिकटवली. उजवं आधी पडलं तर होकार, डावं पडलं तर नकार. गाव श्वास रोखून उभं. साहेबही, टोपी काढून. थोड्या वेळानं डावं फूल टपकन पडलं.

पुढच्या अमावास्येला पुन्हा कौल लावला, डावा. त्याच्या पुढच्या अमावास्येला पुन्हा डावा. एकदा ज्या वेळी विचारलं त्याच वेळी पुन्हा विचारायचं, हा रिवाज. वेळ बदलणं म्हणजे देवाला फसवणं. म्हणून दर खेपेला सकाळ. आणि तिसऱ्या खेपेला माझ्या डोक्यात प्रकाश पडला. दगड दक्षिणेकडं तोंड करून बसलेला. त्याचा डावा खांदा पूर्वेला. कोवळं ऊन आधी तिकडं चढायचं, फूल आधी तिकडं सुकायचं, आणि सुकलेलं फूल आधी पडायचं. मी तिथल्या तिथं मोठ्यानं बोलून दाखवलं. मला वाटलं, आता सुटकेचा हशा पिकेल. आबांनी माझ्याकडं शांतपणं पाहिलं आणि म्हणाले, “डाक्टर, सूर्व्या काय त्येच्या मर्जीबाहेर उगवतोय व्हय?”

मी सायकलला टांग मारली आणि दवाखान्यात येऊन पडून राहिलो.

असा तो उन्हाळा आला. मारवेल पिकून लवली, वाळली, तिचा पिवळा रंग राखी झाला. गवत उभं, आणि त्याच्या बाहेरच्या बांधालगत भागाबाईचा कळप उभा. मधे भिंत नाही, तार नाही, काही नाही. फक्त एक वाक्य. जनावरांना वाक्य कळत नाही, तेव्हा ते भागाबाईला दिवसभर काठीनं समजावून सांगावं लागायचं. ती त्यांना नाल्याच्या कडेनं, रस्त्याच्या कडेनं, पाचोळ्यावरून, बाभळीच्या शेंगांवरून हिंडवायची. गाई हिंडून जितकं मिळवायच्या त्याहून जास्त हिंडण्यात घालवायच्या. दवाखान्यावरून जाताना ती मला हाक मारायची, “डाक्टर, हिला काय तरी टोचा की, खाली बसाय लागलीया.” भुकेवर इंजेक्शन नसतं. मी तरीही कधीकधी जीवनसत्त्वाची सुई टोचत असे, गाईसाठी कमी आणि भागाबाईसाठी जास्त.

मग घराघरांतून बाजाराच्या गोष्टी सुरू झाल्या. वैरण नाही, गायरान नाही, भाकड गाय कुठवर पोसायची? एका सोमवारी तिच्या कळपातल्या दोन गाई सकाळी आल्याच नाहीत. तिनं हाळीवर हाळी दिली. कुणीतरी सांगितलं, त्या पहाटेच बाजाराच्या वाटेला लागल्या. भागाबाई त्या दिवशी शिव्या द्यायची विसरली. भर दुपारी ती कळप घेऊन म्हसोबाच्या ठाण्याशी गेली. मी जवळच्या वस्तीवर एका व्यालेल्या म्हशीचा अडकलेला जार काढून परतत होतो, म्हणून मला ऐकू आलं. ती देवाशी भांडत होती, जावेनं जावेशी भांडावं तितक्या मोकळेपणानं. “तू गवत खातूस व्हय रं? न्हाय न्हवं? मग कुणासाटनं राखतूस? जिच्यासाटनं राखतूस ती बाजारात गेली, बग!” तिनं कपाळ दगडाला टेकवलं, शेंदूर कपाळाला लागला, आणि तशीच उठून तिनं चांदीच्या पाठीवर थाप मारली. चांदी गवतात शिरली. तिच्यामागून सगळ्या.

गाव हादरलं. रात्री बैठक बसली, भागाबाई मध्यभागी, डोईवरचा पदर कानामागं खोवून, कुठल्याही शिक्षेला तयार. कुणी म्हणालं रोगराई येणार, कुणी म्हणालं पाऊस जाणार. मग आबांनी न्याय दिला: ज्या जनावराच्या तोंडाला देवाचं गवत लागलं, ते जनावर देवाचं झालं. आता त्याला घरी बांधता येणार नाही, घरचं खाऊ घालता येणार नाही, त्याचं दूध काढता येणार नाही, आणि विकता तर मुळीच येणार नाही. आबांची स्वतःची चांदी त्यात गेली. तरी त्यांनी आवाज कापू दिला नाही.

विकता येणार नाही! मी अंधारात बसल्या जागी हसलो. एका भाबड्या वाक्यानं गवत कोंडलं, दुसऱ्या भाबड्या वाक्यानं गाई सुटल्या. मी दुसऱ्या दिवशी भागाबाईला विचारलं, की तुला हे असं होणार हे ठाऊक होतं का? ती म्हणाली, “कशाचं ठावं डाक्टर? मला वाटलं, आता मरतंय आपुन रगत वकून.”

गाई वाचल्या, पण भागाबाईची भाकरी गेली, कारण देवाच्या गाई राखल्याबद्दल गावानं भाकरी का द्यावी? गाईंना मालक उरला नाही तसा तिलाही उरला नाही. ती शेण्या थापून विकू लागली. काही बायाबापड्या म्हसोबासमोर मूठभर जोंधळा ठेवून जात, तो तिचाच आहे हे म्हसोबा धरून सगळ्यांना माहीत होतं. हे असंच चाललं असतं तर मी या गोष्टीला सुखान्त म्हटलं असतं आणि तुम्हाला निरोप दिला असता. पण आपल्या लोकांच्या हुशारीला मी विसरलो होतो. ज्याच्या घरी भाकड गाय होती, त्याला हळूहळू एक सोय कळली. गाय गायरानाच्या कडेला न्यायची, तिच्या तोंडात त्या गवताची एक काडी द्यायची, हात जोडायचे, आणि मोकळं व्हायचं. वर पुण्य पदरात! शेजारच्या गावांतूनही गाई येऊ लागल्या. भक्ती आणि सोय यांची अशी गाठ पडली की ती सोडवणं ब्रह्मदेवालाही जड. कळप फुगत गेला. भागाबाई पहिल्यांदा हरखली, प्रत्येक नव्या गाईला नाव देऊ लागली, सगळ्या माळावर त्यांना मोकळं सोडू लागली. तिलाही वाटलं, गवत आहे तोवर खाऊ द्यावं. पुढच्या वर्षी पावसानं ओढ दिली, आणि दिवाळीच्या सुमाराला अर्धा माळ पुन्हा मुरूम दाखवू लागला.

त्या दिवशी भागाबाई एका चराच्या काठावर बसून राहिली. मग उठून तिनं ठरवलं, की या चराच्या पलीकडं आता जायचं नाही. अलीकडचा भाग चरायचा, पलीकडचा राखायचा. मी थक्क झालो. हे कुठं शिकलीस म्हणून विचारलं, तर माझ्याच अज्ञानाची कीव करीत म्हणाली, “त्या सायबानं सांगितलं हुतं की! समद्यांनी ऐकलं, मीबी ऐकलं.” बिचारे साहेब! त्यांचं भाषण एका माणसापर्यंत पोचलं होतं, आणि त्यांची तोवर बदली झाली होती.

राखणे हे क्रियापद मी तेव्हा नव्यानं शिकलो. आपण गुरं राखतो म्हणजे त्यांना जपतो. गवत राखतो म्हणजे गुरांना त्यापासून हुसकावतो. एकाच शब्दात माया आणि काठी दोन्ही. सरकारनं गवत राखलं तेव्हा त्याला गाई दिसत नव्हत्या, देवानं राखलं तेव्हा त्याला भूक नव्हती. भागाबाईला दोन्ही होतं. ज्यांना हुसकावायचं त्यांची नावं तिनं स्वतः ठेवलेली, आणि हुसकावणारा हातही तिचाच. संध्याकाळी ती घरी परतायची तेव्हा तिच्या चालण्यात उन्हाचा शीण असायचाच. पण दिवसभर आपल्याच माणसांना नाही म्हणण्याचा जो दुसरा एक शीण असतो, तो झोपेनंही उतरत नाही. मला हे नंतर, घर चालवताना, लेकरं वाढवताना अनेकदा आठवलं.

चैत्र गेला, वैशाख गेला. अलीकडचा भाग संपला. पलीकडं अजून वाळकं गवत उभं होतं, मुळांशी ठोंबं शाबूत होती. अशाच एका दिवशी चांदी चराच्या काठावर बसली, तोंड पलीकडं करून, आणि उठेना. भागाबाईनं मला बोलावलं. मी नाडी पाहिली, डोळे पाहिले, पेटी उघडली आणि बंद केली. म्हटलं, हिला एकटीला सोड ना पलीकडं, एका तोंडानं काय कमी होणार आहे? माझं वाक्य संपायच्या आत मला ते ओळखीचं वाटलं, पण तोवर ते तोंडातून गेलं होतं. तितक्यात आबाही आले. त्यांनाही कुणीतरी कळवलं होतं. तेही तेच म्हणाले, जवळजवळ विनवणीच्या सुरात, “येकलीला सोड की गं, भागे.”

भागाबाई म्हणाली, “ही गेली की समद्या जात्यात, आबा. ही पुडं चालती न्हवं. आन् भुकेलं जनावर वरचं खात न्हाय, मुळासकट उपटतंय. बी हाय ते आपलं. दुष्काळात बी खाल्लं व्हतं का तुमी?”

ज्यांनी मला सूर्यावरून गप्प केलं होतं, ते स्वतः गप्प झाले. ते लगबगीनं गावाकडं वळले, घरच्या बैलांच्या पुढ्यातला कडब्याचा भारा डोक्यावर घेऊन आले. सरपंच, डोक्यावर वैरण, भर उन्हात! देवाच्या गाईला घरचं खाऊ घालू नये असा त्यांचाच न्याय होता, तो त्यांनी बाजूला ठेवला. पण चांदीला आता चघळण्याचंही त्राण नव्हतं. भागाबाईनं आपल्या फडक्यातली भाकरी पाण्यात कुस्करली आणि बोटानं तिच्या ओठांत सारली. “खा भवाने, खा. चार दिसांत पाऊस येतुया. मग तुजंच हाय की समदं.” चांदीनं एक घास आत घेतला, दुसरा तोंडातच राहिला. ती तिथंच गेली, गवताकडं बघत. आबा उपरणं तोंडाला लावून उभे राहिले. मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही. भागाबाई तेवढी रडली नाही; बाकीच्या गाई चराच्या काठाशी दाटू लागल्या होत्या, त्यांना मागं हाकलायला ती आधीच उठली होती.

पाऊस चार दिवसांत नाही, पण आला. अलीकडच्या उघड्या भागात कोंब फुटले, त्यावर कळपानं तग धरला. पलीकडं जुन्या ठोंबांतून असा फुटवा आला की श्रावणात गवत मांडीला लागू लागलं. भागाबाईनं कौल लावला नाही, कुणाला विचारलं नाही. एके सकाळी मला निरोप आला, की आज पलीकडचं मोकळं करतेय, बघायला या.

मी गेलो तेव्हा कळप चराच्या काठाशी उभा होता. ती मागून हाकारत होती, काठी जमिनीवर आपटत होती, पाठीवर थापा मारत होती. गाई माना वर करून हिरव्या गवताकडं बघत होत्या, नाकपुड्या फुलवत होत्या, आणि एकही पाय पुढं टाकत नव्हती. मला वाटलं, मार खाऊन खाऊन बिथरल्या असतील. पण भागाबाईला लगेच समजलं. तिचा हात काठीवर तसाच राहिला. पुढं चालणारी चांदी नव्हती. सगळ्या थांबल्या होत्या, कुणीतरी आधी जाईल म्हणून.

गुराखी नेहमी कळपाच्या मागून चालतो. भागाबाई जन्मभर मागूनच चालली होती, गाईंच्या पाठी बघत, त्यांची धूळ खात. तिनं काठी माझ्या हातात दिली, लुगड्याचा काचा वर खोवला, गाईंना वळसा घालून ती पुढं आली, आणि चर उतरून गवतात चालू लागली. मान खाली घालून, सावकाश, मागं वळून न बघता. गवत तिच्या दोन्ही बाजूंनी बाजूला होत होतं. मग पहिली गाय चरात उतरली.